अशिलाविना कायदा

प्रश्न : माझी मुलगी बी.ए. एलएल.बी. झाली असून सध्या एलएल.एम. करत आहे. बौद्धिक संपदा, खासगीपणाचा अधिकार आणि तंत्रज्ञान या विषयांत संशोधन करून प्राध्यापक व्हायचे, असे ती म्हणते. कोर्टात उभे न राहता कायद्यात माणूस काय करणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, हा नियम आपल्या शंकेच्या मुळाशी असावा. तथापि त्यामुळे कोर्टाचे दार बंद होत नाही, हे शमनाद बशीर यांच्या कारकिर्दीवरून दिसते. केरळातील कोल्लमचे बशीर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये शिकले, काही काळ वकिली करून ऑक्सफर्डला गेले आणि २००८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदा कायद्याचे प्राध्यापक झाले.

रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला सरकार, जेनेरिक उत्पादक व रुग्णांची संस्था उभी होती. बशीर यांना अशील नव्हता. त्यांनी अभ्यासक म्हणून हस्तक्षेप केला आणि परिणामकारकता वाढल्याशिवाय जुन्याच औषधी पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट न देणाऱ्या, पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) मधील ‘परिणामकारकता’ या एकाच शब्दाचा अर्थ काय घ्यावा, याची मांडणी केली. औषध अधिक सुरक्षित किंवा कमी विषारी असणे हेही त्या अर्थात धरावे, हे त्यांचे म्हणणे रुग्णांच्या संस्थेला मान्य होणारे नव्हते. १ एप्रिल २०१३ च्या निकालात पेटंट नाकारले गेले, पण त्यांच्या युक्तिवादाची नोंद निकालपत्रात आहे. पक्षकाराची बाजू सांभाळावी लागणाऱ्या वकिलाला अशी मोकळीक क्वचितच मिळते, असे मला वाटते.

पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर किती झाला, हे तेव्हा मालकांनी दरवर्षी नमुना २७ मध्ये कळवायचे असे. अनेक जण ते टाळत, म्हणून बशीर यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तो नमुना २०२० मध्ये बदलला. बशीर त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी निवर्तले होते. आधारची माहिती फुटल्याबद्दल नुकसानभरपाई मागणारी त्यांची २०१८ ची याचिका, आपल्या कन्येला रस असलेल्या खासगीपणाच्या प्रश्नालाच भिडणारी होती.

आता व्यवहाराचे. एलएल.एम.ला किमान ५५ टक्के गुण मिळवून तिने नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पेटंट एजंटची, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा मात्र विज्ञान वा अभियांत्रिकीच्या पदवीशिवाय देता येत नाही, त्यामुळे कलाशाखेतून आलेल्या तिच्यासाठी तो रस्ता नाही. कॉपीराइट आणि २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा यांना अशी अट नाही, आणि दुसऱ्यावर तर लिहिण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक आहे.