चाक सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री दुकान बंद करताना वाचला. उत्तर मोबाइलवर न देता कागदावर लिहितोय, कारण अंगठ्यानं टाइप करताना मी फार लवकर चिडतो. पेन हातात असलं की जरा उशिरा चिडतो, एवढाच फरक.

तू विचारलंस, "काका, रोडची शर्यत सोडून एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, करू का? सर म्हणतात तिथं पोरी कमी असतात, राज्याचं मेडल पक्कं, पुढं खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात नोकरीचं बघता येईल." त्याखाली सहज आठवल्यासारखं, "बाबा म्हणतात उसाचं बिल आलं की कार्बनची सायकल घेऊ." एवढे मोठे दोन निर्णय, आणि ट्रायलला तू कुठं मागं सुटलीस त्याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं होतं आधी ते सांगशील.

तू लिहिलं नाहीस, तर मी लिहितो. लोणंद-फलटणच्या त्या उघड्या पट्ट्यावर मी बाटल्या घेऊन उभा होतो. वारा उजवीकडून होता. पुढच्या पोरी तिरक्या रांगेत गेल्या, प्रत्येकजण पुढच्या पोरीच्या डाव्या अंगाला सरकलेली, आणि रस्ता संपला तिथं जागाही संपली. तू त्या रांगेच्या शेवटी, साइडपट्टीच्या कडेला, सरळ मागं. तिथं आडोसा नसतो. आधी अर्ध्या सायकलचं अंतर पडलं, मग एका सायकलचं, मग तीन. आणि त्या वेळी तू काय केलंस? मान खाली घालून मीटर बघितलास. मीटरमध्ये काय होतं गं? तू थकली आहेस हे कळायला मीटर लागतो का?

पुढच्या सायकलचं चाक सोडायचं नाही. हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय. बाकीचं सगळं, पायडलची लय, वॉटचे आकडे, डाएट, त्यानंतर.

का, ते पुन्हा सांगतो, कारण तू मान डोलावतेस पण ऐकत नाहीस. सपाट रस्त्यावर ताशी ३५ च्या पुढं तुझी बहुतेक ताकद वाऱ्यात जाते. वेग वाढला की वाऱ्यासाठी लागणारी ताकद त्याच्या घनानं वाढते. तीसवरून छत्तीसला गेलीस, म्हणजे वेग एक पंचमांशानं वाढला, की वाऱ्यासाठी जवळजवळ पावणेदोन पट ताकद लागते. दुसऱ्याच्या चाकामागं नीट बसलं तर त्यातली पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणून शर्यतीत सर्वांत ताकदीचा गडी जिंकतो असं नाही. ज्याला शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत चाक धरता येतं तो जिंकण्याच्या जागी असतो. एकटा सुटलेला माणूस कितीही तगडा असो, पाळीपाळीनं पुढं येऊन वारा कापणाऱ्या दहा जणांपुढं संपतो. तू त्या दिवशी पुढच्या पोरींपेक्षा कमजोर नव्हतीस. घाटात तू त्यातल्या दोघींना सहज मागं टाकतेस, मी पसरणीला पाहिलंय. तू चाक सोडलंस, बाकी काही झालं नाही.

आता कार्बनचं बघ. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, हा नियमच आहे. तुझी अॅल्युमिनियमची सायकल साडेनऊच्या आसपास भरते. घाटात तो फरक कळतो, मान्य. पण तू सुटलीस सपाटीवर, आडव्या वाऱ्यात, आणि तिथं पावणेतीन किलो कमी असते तरी सुटली असतीस, कारण वारा सायकल वजन करून बघत नाही. बाबांच्या उसाच्या बिलाला हात लावू नकोस. वर्षभराची मेहनत, खत, पाणी, कारखान्याची तारीख पे तारीख, आणि ते सगळं दोन चाकांवर घालायचं? टायर बदल. चेन बदल, ती ताणली आहे, मी गेज लावून बघितलंय. पुढचं चाक डुगडुगतं, ते मी फुकट सरळ करून देतो. मग बोलू.

राहिलं एमटीबी.

मला त्या प्रकाराचा राग नाही, हे आधी लिहून ठेव. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकवरच घडली, आणि दगडधोंड्यांच्या उतारावर ती पोर जे करते ते माझ्या बापजन्मात जमलं नसतं. तुला जंगलातली वाट, चिखल, मुळांवरून उडी याचं वेड लागलं असतं तर मीच तुला यवतेश्वरच्या मागच्या डोंगरात घेऊन गेलो असतो. पण तुझ्या मेसेजमध्ये मातीचा एक शब्द नाही. आहे ते फक्त "पोरी कमी असतात". पाच-सहा पोरींच्या शर्यतीत तिसरी येऊन तू मेडल घेशील, कागद मिळेल, आणि त्या दिवसापासून तुझ्यापुढं कुणाचंच चाक नसेल. मग कुणामागं जायचं? तू रोज सकाळी एकटीच सगळ्यांच्या पुढं असशील.

हे मी तोंडची वाफ दवडत नाहीये. माझ्या तरुणपणी साताऱ्यात मला सोडून पुढं जाणारं कुणी नव्हतं. मला ते तेव्हा भाग्य वाटायचं. पसरणी चढायचो, यवतेश्वर चढायचो, एसटी मागून यायची आणि कंडक्टर शिट्टी वाजवायचा, गावातली पोरं ओरडायची. मग मुंबई-पुणे सायकल शर्यतीला गेलो. १९४५ सालापासूनची शर्यत, आमच्या पिढीला तिचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. माझं सगळं लक्ष बोरघाटावर. घाटाचा राजा व्हायचं, बाकी नंबर काही येवो. खोपोलीपासून चढ सुरू होतो, शिंगरोबाच्या देवळापाशी मी कसा उठून अटॅक करणार ते मी झोपेतसुद्धा बघायचो. आणि झालं काय? पनवेल सोडलं न सोडलं, तोच रेल्वेच्या, पुण्याच्या, सांगलीच्या पोरांनी अशी रांग लावली की मला त्या वेगात कुणाच्या मागं एवढं जवळ बसायची सवयच नव्हती. मी हात-दोन हात अंतर ठेवून चालवत होतो, भीतीनं. प्रत्येक वळणानंतर ते अंतर पळून भरून काढायचो. खोपोली येईपर्यंत पाय रिकामे. घाट आला तेव्हा घाट चढणारे कधीच दिसेनासे झाले होते. जो घाट मी जिंकणार होतो त्याच्या पायथ्याशीच मी शर्यतीत नव्हतो.

तेव्हा मला साताऱ्यात एक, फक्त एक, माझ्याहून वेगवान माणूस हवा होता. तो नव्हता. तुला तुझ्याहून वेगवान अशा पाच मिळतायत, तर तू पाठ फिरवून जिथं कुणी नाही तिथं निघालीस!

नोकरीचं म्हणशील. म्हण. मी पाच टक्के आरक्षणाला नाव ठेवणार नाही. शेतकऱ्याच्या घरात पोरीच्या पगाराची किंमत काय असते ते मला कळतं. प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, कार्यालयांचे हेलपाटे, हे सगळं करून ज्या पोरी लागल्या त्यांचा मला अभिमान आहे. पण मेडल हे वेगाच्या मागून येतं. आधी मेडल ठरवून मग खेळ निवडलास तर उद्या नियम बदलेल, त्या गटात स्पर्धक वाढतील, एखादी खरी माउंटन बाइकवाली पोर येईल आणि तुझ्या हातात ना रोड ना डोंगर. हे मी पाहिलंय.

मलाही एकदा असाच रस्ता दाखवला होता. कुणी ते सांगत नाही, माणूस आता नाही. शेजारच्या एका जिल्ह्यात सायकलिंगचं कुणी नव्हतं, त्यांच्या नावावर उतर, राज्याला थेट जागा, पुढचं आम्ही बघतो. मी नाही म्हणालो. माझा एक जोडीदार हो म्हणाला. तो आता सरकारी खात्यातून रिटायर होतोय, कार घेतली आहे, संध्याकाळी दुकानात येऊन चहा पितो आणि माझ्या हातांवरच्या ग्रीसकडे बघतो. चांगला माणूस आहे. माझी बायको त्याच्यासमोर मुद्दाम विचारते, "तुमच्या त्या चाकानं घरात काय आणलं?" मी काय उत्तर देऊ? दुकान आणलं. दोन पोरांची शिक्षणं आणली. तालुक्यात कुणाची सायकल वाजायला लागली की पहिली आठवण माझी होते, हे आणलं. बायकोला हे पटत नाही. पटायलाच पाहिजे असंही नाही. पण मी तेव्हा हो म्हणालो असतो तर आज तुला हे पत्र लिहायचा माझा काय अधिकार होता, हे मी तिला विचारतो, तर ती म्हणते, नसता अधिकार, पेन्शन असती.

असो. मी तुला सांगायला बसलो आणि स्वतःचीच वकिली करायला लागलो. वय झालं.

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा तू मैत्रिणींबरोबर फोटो काढायला गेली होतीस, मी स्टेटसवर पाहिलं. पुरुषांची शर्यत, चारशे सदतीस किलोमीटर, मुळशी-मावळ, पुरंदर, बारामती. तुम्ही जर्सींचे रंग आणि सायकलींचे ब्रँड बघितले असतील. मी पुढच्या टायरमध्ये आणि मागच्या टायरमध्ये किती जागा आहे तेवढंच बघत होतो. वीतभर. चाळीसच्या वेगात वीतभर, आणि कुणी टायरकडे बघतसुद्धा नाही, सगळ्यांची नजर पुढच्याच्या कमरेवरून लांब रस्त्यावर. ती सवय जन्मापासून मिळत नाही. ती आपल्यापेक्षा वेगवान माणसांमागं वर्षानुवर्षं बसून येते. आपला साताऱ्याचाच मयूर पवार ट्रॅकवर स्प्रिंट करायला इथं बसून राहिला का? देशातले सगळ्यात वेगवान लोक दिल्लीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलच्या ट्रॅकवर, होते, तर दिल्ली. इंगळीच्या सायकलपटू पूजा दानोळेचंही तेच. जिथं आपण शेवटचे असतो तिथं जायला धाडस लागतं आणि जिथं आपण पहिले असतो तिथं जायला फक्त पेट्रोल लागतं.

तुमच्या ग्रुपवर कुणीतरी तुला ब्रेवे, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतर पुरं करायची सायकल फेरी, कर म्हणालंय, तेही वाचलं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. मोठी मजेची गोष्ट आहे, डॉक्टर, इंजिनिअर मंडळी करतात, त्यांच्या सायकली माझ्याकडेच येतात. पण तिथं नंबर नसतो, ती शर्यत नाही. चाळिशीनंतर कर. आत्ता नको.

आता नीट ऐक, हे दोन महिने काय करायचं ते.

पोरांच्या ग्रुपबरोबर चालवायचं. हो, पोरांच्याच. ते हसतील, दुसऱ्या चढावर तुला सोडतील, तुझ्यासाठी थांबणार नाहीत. थांबायला सांगूही नकोस. पहिल्या आठवड्यात वाढे फाट्यापर्यंत टिकलीस तरी मला पुरे. त्यांच्या पाळीत तू पुढं जाऊ नकोस, अजून नाही. फक्त मागं बस आणि सुटू नकोस. पुढच्याच्या चाकावर आपलं चाक आडवं चढवू नकोस, तो हलला की तू पडशील आणि तो चालू लागेल. टायर बघू नकोस, कंबर बघ. ब्रेक मारायचा तर बोटाच्या टोकानं. खड्डा दिसला तर हातानं दाखव, तोंडानं ओरड, लाजू नकोस. आडवा वारा आला की शेवटची राहू नकोस. जागा संपायच्या आत वर सरक, नाहीतर मागच्यांना घेऊन दुसरी तिरकी रांग लाव. ट्रायलला तू हे केलं असतंस तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आठवड्यातून एकदा बाबांच्या स्प्लेंडरमागं. मी बाबांना सांगतो किती वेगानं चालवायची. त्यांना आनंद होईल. पहाटे पोरगी एकटी हायवेवर म्हणून त्यांचा जीव टांगणीला असतो, ते तुला बोलत नाहीत, मला बोलतात. गाडी चालवत पुढं असले की तू त्यांना आरशात दिसशील. आणि उसाच्या ट्रॉलीचं चाक कधीही, कधीही धरायचं नाही. मला माहीत आहे तू गेल्या सीझनला धरलं होतंस. ट्रॉलीला ब्रेकलाइट नसतात आणि मागून मोळ्या पडतात. पुन्हा कळलं तर सायकल जप्त.

दोन महिन्यांनंतरही तुला डोंगरातच जावंसं वाटलं, मेडलचा विषय बाजूला ठेवून वाटलं, तर ये, चांगल्या सस्पेन्शनची जुनी सायकल मी शोधून देतो. तुझ्या सरांशी माझं भांडण नाही, त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याकडेही पोरं नोकरीला लागली का म्हणून विचारणारे पालक रोज येतात, मला कळतं.

रविवारी साडेपाचला पोवई नाक्यावर. दोन ट्यूब, पंप, आणि काहीतरी खायला आण, चिक्की नको, ती दातात अडकते आणि तू ती काढायला हँडल सोडतेस. चेन मी शनिवारी मागवून ठेवतो, त्याचे पैसे मात्र घेणार आहे.

तुझा,
दुकानवाला काका