मशीन कोणती ते नंतर, आधी घरात पाणी कोणतं येतं ते सांगा

दसरा जवळ आला की या कॉलममधे गोधड्या, जळमटं आणि माळ्यावरची पितळेची भांडी याचेच प्रश्न असतात, यंदा मात्र निम्म्याहून जास्त पत्रं स्टीम क्लीनरची आहेत. कुठल्यातरी रीलमधे शेगडी दोन मिनिटात चकाचक झालेली सगळ्यांनी बघितलेली दिसतीय. त्यातले पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (लातूर): ताई, दसरा काढायचाय आणि कामाच्या मावशी नेमक्या गावाकडं गेल्यात. ऑनलाइन अडीच हजाराची हातात धरायची मशीन दिसायलीय आणि बारा हजाराची चाकाची बी. आमचे मालक म्हणतात दोन्ही सारख्याच, वाफच तर मारायची. आमचं किचन लई तेलकट आहे, कोणती घेऊ?

उत्तर: मालकांचं अर्धं बरोबर आहे. वाफ सारखीच, फरक आहे तो ती किती वेळ मिळते त्यात. हातातल्या मशीनमधे पाणी बसतं अडीचशे-तीनशे मिली, म्हणजे दोन-तीन कप चहा, ते दहाएक मिनिटात संपतं आणि मग मशीन थंड होईपर्यंत बसून राहा. कारण आत प्रेशर असताना टोपण उघडायचं नसतं. कुकरचं प्रेशर उतरल्याशिवाय आपण झाकण काढतो का, तसंच हे, फक्त इथं शिट्टी नाही म्हणून लोक विसरतात आणि हात भाजून घेतात. चाकाच्या मशीनमधे लिटरभर पाणी बसतं, अर्धा तास आरामात चालते, आणि काहींमधे पाण्याची टाकी वेगळी आणि बॉयलर वेगळा असतो, त्यात मधेच पाणी ओतता येतं. दुकानात गेलात की दुकानदार प्रेशर ३ बार का ४ बार एवढंच सांगत बसतो, तुम्ही मात्र विचारा की पाणी संपल्यावर किती वेळ थांबावं लागतं, आणि सर्व्हिस सेंटर लातुरात आहे का पुण्याला पाठवावी लागते. आणि हो, कपड्याच्या इस्त्रीचा स्टीमर वेगळा बरं का, नाव सारखं म्हणून तो मागवून बसलेल्या दोघीजणी मला माहितीयत.

किचनपुरतीच पाहिजे असेल तर हातातली घ्या, मी पण तीच वापरते. एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर पहिल्यांदा वाफ मारली तेव्हाचं सांगते, आधी काहीच होईना, मी लांबून मारत होते. आत भले वाफ १४० डिग्रीच्या आसपास असेल, पण नोझलपासून वीतभर लांब गेली की नुसती ओली हवा. मग दोन बोटावर धरली आणि जागची हलवलीच नाही, तर दहा-बारा सेकंदात वर्षानुवर्षांच्या फोडणीचं तेल वितळून काळ्या काकवीसारखं टाइल्सवरून खाली ओघळायला लागलं आणि घरभर जुन्या तेलाचा वास. खाली फडकं धरलेलं नव्हतं. ते ओघळ पुसायच्या आत थंड होऊन परत चिकटले, मग डबल काम. वाफ घाण ढिली करते हो, उचलायचं काम फडक्याचंच. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात जुनं सुती धोतर नाहीतर बनियन, असंच करावं लागतं. फॅनच्या मोटारीवर, स्विचबोर्डवर, फ्रिजच्या मागं मारायची नाही. फ्रिजच्या दाराचं रबर, शेगडीचे कोपरे, सिंकच्या कडा, टाइल्समधल्या फटी, इथं मात्र नंबर एक.

सनमायकाच्या ट्रॉलीवर मारू नका. मी मारली. दिसायला लई भारी निघाली, आणि आठ दिवसांनी खालची कड फुगून अशी उलगडली की आता तिथं सेलोटेप आहे. डिस्टेंपरच्या भिंतीचा रंग पण पोपडा होऊन येतो.

प्लगचं बघा. मोठी मशीन १५०० वॅटच्या पुढंच असते आणि टीव्हीचा साधा ६ अँपिअरचा प्लग फारतर १३८० वॅट झेपवतो, म्हणून गीझरचा नाहीतर मिक्सरशेजारचा मोठा १६ अँपिअरचा प्लगच वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड नको, इन्व्हर्टर तर नकोच. लाइट बिलाची भीती मात्र धरू नका, १५०० वॅटची मशीन सलग चाळीस मिनिटं चालली तर एक युनिट.

आणि लातूरकरांना ही मशीन पटण्याचं खरं कारण वेगळंच आहे. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनी पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, ते दिवस बघितलेल्या माणसाला बादल्या ओतून किचन धुताना अजून बी जिवावर येतं. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर होते, त्यामुळं तांब्याभर पाण्यात अख्खा ओटा, शेगडी आणि जाळी होऊन जाते.

प्रश्न (नांदेड): मोठी मशीन घेऊन चार महिने झाले, आता वाफ कमी आणि पाणीच जास्त थुंकायलीय, बरोबर पांढरे कण. सर्व्हिसवाले म्हणतात हे वॉरंटीत बसत नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. मशीन डुप्लिकेट निघाली का?

उत्तर: मशीन चांगली असेल, पाणी तसं नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातनं येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही ते तुम्हाला मी काय सांगावं. पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार मात्र आतच बसतात. हिशोबच करा ना, टीडीएस ८०० असलेल्या लिटरभर पाण्यात ८०० मिलिग्रॅम विरघळलेलं असतं, त्यातलं निम्मं जरी आत बसलं तरी मशीन पन्नास वेळा भरल्यावर २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे खडू तुम्ही बॉयलरमधे भरून ठेवला. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो तोच हा.

आधी मशीनचं पुस्तक काढा आणि त्यात क्षार काढायला काय सांगितलंय ते वाचा, काही कंपन्या व्हिनेगर नको म्हणतात. पुस्तकात लिंबूसत्व चालतं असं असेल तर मशीन बंद, थंड, प्लग काढलेली, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवून बॉयलरमधे ओता, तासभर ठेवा, हलवा, उलटी करून ओता. गढूळ पांढरं पाणी आणि पापुद्रे पडतील, बघून किळस येईल. मग साध्या पाण्यानी तीन-चारदा खळबळा. लिंबूसत्व आत असताना मशीन चालू करायची नाही.

पुढं आरओचं पाणी वापरा. जारचं पाणी पण चालतं, पण जारवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नका, टीडीएस मीटर बुडवून बघा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर काही कंपन्यांना नुसतं चालत नाही, साध्या पाण्यात मिसळून चालतं, ते पण पुस्तकातच असतं. आरओचं जे वेस्ट पाणी आपण बादलीत धरून ठेवतो ते मात्र बिलकुल नको, त्यात क्षार उलट जास्त. आणि काम झालं की टाकी रिकामी करून ठेवायची, पुढच्या दसऱ्यापर्यंत पाणी आत ठेवायचं नाही.

प्रश्न (परभणी): बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळावर पांढरे डाग पडलेत, घासून घासून हात गेले. वाफेनी जातील का?

उत्तर: नाही. साबणाचा चिकट थर जाईल, फटीतलं काळं जाईल, पण पांढरे डाग म्हणजे वरच्या नांदेडच्या बॉयलरमधलाच खडू, तो उष्णतेनीच तर बसतो, वाफेनी कसा निघेल. तिथं लिंबूसत्वाचं पाणी फडक्यात भिजवून नळाला गुंडाळून ठेवा, अर्ध्या तासानी घासा. फक्त खाली शहाबादी असेल किंवा ओटा कडप्प्याचा असेल तर तिथं थेंब पण पडू देऊ नका, तो दगड चुनखडीचाच, आंबट लागलं की फसफसतो आणि पॉलिश जाते. आणि ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका, क्लोरिन गॅस होतो, बंद बाथरूममधे जिवावर बेतायचं.

प्रश्न (जालना): होस्टेलवरनं मुलगा आला आणि सोबत ढेकूण घेऊन आला. औषध मारायचं नाही, घरात लहान बाळ आहे. वाफेचा उपयोग होतो का?

उत्तर: होतो, ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही वाफेनी मरतात, पण वाफ अंगाला लागली तर. पलंगाच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, स्क्रूच्या भोकात, अगदी मुंगीच्या चालीनी नोझल फिरवायचं, जोर कमी ठेवायचा, नाहीतर ढेकूण उडून पलीकडं पडतो आणि तिथं संसार थाटतो. लाकडाच्या आत खोल गेलेले वाचतात. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसात फुटतात, म्हणून दहा दिवसांनी परत एकदा करा, मग अजून एकदा. कापसाच्या गादीला वाफ वरवरच द्या आणि लगेच गच्चीवर उन्हात टाका, आत ओल राहिली तर बुरशी धरते. बाळ त्या दिवशी आजीकडं.

प्रश्न (पैठण): सासूबाईंची पैठणी आहे, पदरावर वरणाचा डाग. स्टीम क्लीनरनी हळूच काढू का?

उत्तर: नका काढू. पॉलिएस्टरच्या पडद्यावर करा काय करायचं ते. रेशमावर हळूच मारली तरी पाण्याचे डाग उठतात आणि वरणातली हळद जिथल्या तिथंच. ड्रायक्लीनवाल्याकडं द्या आणि देताना डाग कशाचा ते सांगा, सासूबाईंना सांगायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा.