तिला त्या तासाला बसू द्या

इंग्लंडहून एका ताईंनी लिहिलंय: चौदा वर्षांच्या लेकीच्या शाळेतून लैंगिक शिक्षणाच्या तासांबद्दल पत्र आलंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, 'नसत्या वयात नसतं डोक्यात भरतील.' नवऱ्यालाही तेच वाटतं. नाव काढून घेऊ का?

ताई, नका काढू.

इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत हा विषय सप्टेंबर 2020 पासून सक्तीचा आहे. लैंगिक भागातून मुलीला वगळण्याची विनंती तुम्ही करू शकता. पण सोळा पूर्ण व्हायच्या तीन सत्रं आधीपासून तिला स्वतःला बसायचं असेल, तर तिचा शब्द चालतो. नातेसंबंधांचे आणि विज्ञानाचे तास वगळता येतच नाहीत.

सासूबाईंची भीती मायेपोटी आहे, पण अनुभव वेगळा आहे. युनेस्कोने जगभरचे अभ्यास ताडून 2018 मध्ये सांगितलं, की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. उलट, अमेरिकेत 'लग्नापर्यंत थांबा' एवढंच शिकवणारे सरकारी कार्यक्रम 2007 मध्ये तपासले गेले. ज्यांचे संबंध आले होते, त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय ते धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत 14.9 वर्षंच निघालं. नुसतं 'नको' म्हटल्याने थांबणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही.

माझी खरी काळजी तुमच्या घरातल्या मौनाची आहे. आपल्याकडे पाळीला 'कावळा शिवला' म्हणायचं आणि बाकी सगळं 'तिथलं'. मग लेकीने शाळेत ऐकलेलं तुमच्यापाशी आणायचं कुठल्या शब्दांत? योनी, गर्भाशय, संमती हे शब्द तुम्ही आधी उच्चारा. ती इंग्रजीत बोलली तरी ऐका. गाडीतून जाताना विषय काढा, समोरासमोर बसलं की मुलं आक्रसतात. तिने थांबावं असं वाटत असेल तर तेही कारणासकट सांगा. आणि काहीही घडलं तरी आई ओरडणार नाही, एवढी खात्री द्या. ती पाळणं अवघड आहे, मला माहीत आहे.

हे काही गोऱ्यांचं खूळ नाही, असं सासूबाईंना सांगा. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मासिक चालवून याच गोष्टी मराठीत लिहिल्या, लोकांचा रोष पत्करून.

शाळेकडे धड्यांचं साहित्य मागा. रविवारी दोघं मिळून वाचा, आणि नवऱ्याला जे खटकेल ते त्यांनाच शिक्षकांना विचारू द्या.