कोरलेल्या अक्षरांतला रंग कडेने का फुटतो?

सागवानी पाटीवर घराचे नाव कोरून त्यात काळा ऑइल पेंट भरला, तेव्हा तो अक्षरांच्या कडेने केसांसारख्या रेघांनी बाहेर फुटला, असे तुम्ही लिहिले आहे. ही पाटी वाचेल का आणि शेवटी वॉर्निश कोणते द्यावे, हे तुमचे प्रश्न आहेत. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यात तुमच्या हाताचा दोष नाही. कितीही बारीक ब्रश घेतला, कडेला टेप चिकटवली, तरी कोऱ्या सागावर हेच होणार.

पाटी आडवी असते, म्हणून लाकडाचे रेषेही आडवे जातात. शिरोरेषा त्यांच्याच दिशेने कोरली जाते, काना मात्र त्यांना छेदून खाली उतरतो. सागाच्या लाकडात नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा नळ्या असतात आणि कान्याच्या दोन्ही भिंतींवर त्यांची तोंडे उघडी पडतात. पातळ रंग तेथूनच आत ओढला जातो. तुमची पाटी पुन्हा नीट पाहा. शिरोरेषेच्या वर-खाली रंग फारसा पसरलेला नसेल, कान्यांच्या डाव्या-उजव्या अंगाला मात्र पसरलेला असेल.

हे मी 2009 साली शिकलो आणि त्याचा सल अजून गेलेला नाही. आमच्या गावच्या वाचनालयासाठी सहा फूट लांबीची सागवानी पाटी करायची होती. कोरण्याचे काम माझ्याकडे होते आणि देखरेख माझ्या काकांची होती, कारण पटाशी धरायला मला त्यांनीच शिकवले होते. रंग भरण्यापूर्वी अक्षरांना लाखेचा एक हात द्यावा, असे मी सुचवले. काका म्हणाले, "लाकडाने रंग प्यायला पाहिजे. लाखेने लाकूड आंधळे होते." मी त्यांचे ऐकले. ‘वाचनालय’ या एका शब्दात सात उभे दांडे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सातही दांड्यांच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटरपर्यंत काळ्या रेघा गेलेल्या होत्या. आम्ही रंधा मारला. एक मिलिमीटर लाकूड गेले तरी रेघा तशाच राहिल्या, कारण रंग नुसता वरून पसरला नव्हता, तर खाचेच्या भिंतीत पूर्ण खोलीभर शिरला होता. अखेर पाटी उलटी करून दुसऱ्या बाजूवर सगळी अक्षरे मी नव्याने कोरली. त्यात आठ दिवस गेले. त्याचे मला दुःख नव्हते. पण पोराचा हात थरथरला, असे काकांनी वाचनालयाच्या कार्यवाहांना माझ्यासमोर सांगितले, ते मला फार लागले.

त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर मी दहा काने कोरले, पाचांना लाख दिली, पाच कोरे ठेवले आणि एकाच डब्यातला रंग एकाच ब्रशने भरला. लाख दिलेल्या पाचांची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ निघाली आणि कोरे पाचही फुटले. काकांनी तुकडा उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता खाली ठेवला. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. साग तेलकट असल्यामुळे कोरून झाल्यावर अक्षरे थिनरच्या फडक्याने पुसावीत आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन पातळ हात अक्षरांच्या आत व पृष्ठभागावरही द्यावेत. मग ऑइल पेंट घट्टसर ठेवून बिनधास्त भरावा. बाहेर सांडला तरी चालेल. खाचेच्या तळाशी रंगाचा थर जाड बसतो, म्हणून किमान चार दिवस थांबावे. त्यानंतर अगदी बारीक लावलेला रंधा रेषांच्या दिशेने फिरवला की सांडलेला रंग आणि पृष्ठभागावरची लाख दोन्ही निघून जातात. या कामाला आधी पॉलिश पेपर घेऊ नये, कारण काळ्या रंगाची भुकटी उघड्या सागाच्या नळ्यांत बसते आणि सगळी पाटी मळकट दिसू लागते. रंध्यानंतर पेपर जरूर घ्यावा, पण लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच. बोटाने घासल्यास अक्षरांच्या कडा गोल होतात. रंध्याने खाच अरुंद होते, हेही कोरतानाच धरून चालावे; साठ अंशांच्या खाचेत एक मिलिमीटर खोली गेली की रुंदी एक मिलिमीटरहून थोडी अधिकच कमी होते.

वॉर्निशबद्दल थोडक्यात सांगतो. बाहेर लागणाऱ्या पाटीला वरून लाखेचे पॉलिश देऊ नये, ते पावसात पांढरे पडते. बाहेरच्या वापराचे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मरीन वॉर्निश द्यावे, आणि ते मागच्या बाजूला व दोन्ही टोकांनाही द्यावे, कारण पाणी सर्वांत जास्त टोकांतून शिरते. पारदर्शक थरातून ऊन लाकडापर्यंत पोहोचतेच, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. कायमचे वॉर्निश म्हणून जे विकले जाते, त्यावर माझा विश्वास नाही.

माझी पद्धत उठावाच्या अक्षरांना किंवा कडेने नक्षी असलेल्या पाटीला चालत नाही, कारण तेथे रंधा फिरवता येत नाही; तेथे लाख देऊन शांतपणे ब्रशनेच काम करावे लागते. शिसवीसारख्या घट्ट लाकडात कोरा रंगही कमी फुटतो आणि काकांचे बरेचसे आयुष्य शिसवीच्या कामात गेले होते, हे मी येथे नोंदवले पाहिजे. रंग पातळ नसावा, हे त्यांचे म्हणणेही बरोबर होते. परंतु सागाच्या बाबतीत ते चुकले होते.

आता तुमच्या पाटीविषयी. रेघा दीड-दोन मिलिमीटरच्या आत असतील, तर काने तेवढे रुंद कोरून त्या गिळून टाकता येतील. मग शिरोरेषाही त्याच प्रमाणात जाड करावी, नाहीतर अक्षरे विजोड दिसतील. रेघा त्याहून लांब गेल्या असतील, तर रंधा मारण्यात दिवस घालवू नका. पाटी उलटी करा.