शेजारचं चर्च आणि अंगणातली ट्रम्पची पाटी

प्रश्न: डॅलसजवळ फ्रिस्कोला लेकीकडे राहून आले. शेजारचं कुटुंब फार चांगलं, दर रविवारी चर्च, लेकीचं बाळंतपण झालं तेव्हा त्यांच्या चर्चच्या बायका आळीपाळीने जेवण आणून द्यायच्या, तेही आठवणीने व्हेज! आणि अंगणात ट्रम्पची पाटी. तीन लग्नं झालेला, तोंडाला लगाम नसलेला माणूस या देवभोळ्या लोकांना चालतो कसा? – एक आजी, पुणे

उत्तर: आजी, हाच प्रश्न तिकडच्या कित्येक पाद्रींना पण पडलाय आणि त्यावरून चर्चमध्ये भांडणं झालीयेत. पीआरआरआय नावाच्या सर्वे करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये विचारलं होतं की खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सरकारी काम नीतीने करू शकतो का, तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांतले (बायबलचा शब्द प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) ३० टक्के हो म्हणाले. २०१६ मध्ये, ट्रम्प उभा असताना, परत विचारलं तर ७२ टक्के! मधल्या काळात बायबल तेच होतं हो. त्यांच्यातलेच काहीजण पारसाच्या, म्हणजे जुन्या इराणच्या, कोरेश राजाचं उदाहरण देतात, तो यहुदी (ज्यू) नव्हता तरी देवाने त्याच्याकडून काम करून घेतलं असं बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात आहे, तसाच हा. पण खरं सांगू का, हा रोकडा व्यवहार आहे. ट्रम्पने सुप्रीम कोर्टात तीन जज नेमले आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताचा देशभरचा हक्क गेला. पन्नास वर्षं ज्यासाठी मोर्चे काढले ते यानेच करून दाखवलं म्हटल्यावर लग्नं कोण मोजतंय.

पण हे कायमचं असंच होतं असं समजू नका. १९७६ ला जिमी कार्टर निवडून आले ते डेमोक्रॅट, आणि संडे स्कूलमध्ये (चर्चमधला रविवारचा बायबलचा वर्ग) शिकवणारे पक्के बाप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे. सदर्न बाप्टिस्ट या त्यातल्या मोठ्या गटाने तर १९७१ च्या ठरावात बलात्कार, बाळातलं गंभीर व्यंग, आईच्या तब्येतीला धोका अशा वेळी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी म्हटलं होतं, आज तिथे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मग डेमोक्रॅटांशी बिनसलं कुठे? काही इतिहासकार म्हणतात की खरी ठिणगी शाळांची होती. काळ्या मुलांना न घेणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत सरकार काढायला लागलं, बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची १९७६ मध्ये काढली, आणि पाद्री खवळले. मला हे बरंचसं पटतं, पण गर्भपाताचा राग खोटा होता असंही नाही, तो नंतर येऊन मिसळला आणि मोठा झाला. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पाद्रीने मॉरल मेजॉरिटी नावाची राजकीय संघटना काढली, पुढच्याच वर्षी ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार रेगन डॅलसला पाद्रींच्या मेळाव्यात जाऊन म्हणाला की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही (कायद्याची अडचण, ती खाली येतेय) पण माझा तुम्हाला आहे. झालं, जमलं तेव्हापासून.

आणि मी वर 'गोऱ्या' लिहिलंय ते मुद्दाम. काळ्यांच्या चर्चमध्ये तेच बायबल, तोच येशू, पण मतं बहुतेक डेमोक्रॅटला.

प्रश्न: नातवाच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा कागद लावणार म्हणे? – त्याच आजी

उत्तर: टेक्ससचा २०२५ चा कायदा आहे, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात, कमीत कमी १६ बाय २० इंच, लांबून वाचता येईल असा. मजकूरही कायद्यातच दिलाय. त्यात माझ्याशिवाय दुसरे देव नकोत आणि कोरीव मूर्ती करू नका असंही येतं, म्हणजे घरी गणपती बसवणाऱ्या नातवाने ते बघत गणितं सोडवायची. पण गंमत अशी की हा प्रोटेस्टंट धाटणीचा मजकूर आहे, कॅथलिक आणि ज्यू लोकांची मोजणीच वेगळी. त्यामुळे कोर्टात जाणाऱ्यांत ज्यू, ख्रिस्ती, हिंदू सगळे पालक होते आणि २०२५ मध्येच काही शाळा-जिल्ह्यांपुरतं (तिकडे शाळांचे वेगळे जिल्हे असतात) कोर्टाने थांबवलं. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात फरक होता, आत्ता काय आहे ते लेकीला म्हणावं शाळेला सरळ ईमेल टाकून विचार.

प्रश्न: पाद्री उघड सांगतात का कुणाला मत द्यायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर: १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, करसवलत हवी तर उमेदवाराचा प्रचार नको. पण ती वापरली कुणी? न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने १९९२ ला क्लिंटनविरुद्ध पेपरात पानभर जाहिरात दिली तेव्हा त्याची सवलत गेली, असं उदाहरण शोधूनही दुसरं सापडणं अवघड. आणि जुलै २०२५ मध्ये तर कर खात्यानेच कोर्टात लिहून दिलं की पाद्री आपल्या मंडळींशी प्रार्थनेच्या वेळी बोलला तर तो प्रचार धरायचा नाही. तसंही नाव घ्यायची गरज कुठे असते, निवडणुकीच्या आधीच्या रविवारी बाकावर माहितीपत्रक ठेवतात, डावीकडे एक उमेदवार उजवीकडे दुसरा, खाली गर्भपात, शाळेतली प्रार्थना, बंदुका, आणि प्रत्येकापुढे हो की नाही. मतदार काय तो समजतो.