वाचकांचे प्रश्न : पणजोबांचा माग कुठे काढायचा?

प्रश्न : पणजोबा सासवडजवळच्या एका गावचे शेतकरी. नाव ठाऊक आहे. ते कधी गेले, भावंडं किती, काहीच माहीत नाही. पुण्याच्या अभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात शोधावं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : इतक्यात नको. तिथले मोडी लिपीतले रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, मुख्यतः वतनं, इनामं आणि हिशेबांचे. साधा शेतकरी त्यात नावानिशी क्वचितच सापडतो. सुरुवात सातबाऱ्यापासून करा.

आजच्या उताऱ्यावर बहुधा गट नंबर असेल. हे गट १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर पडले. त्याआधीचे कागद सर्वे नंबरवर लागतात. दोन्ही नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) उताऱ्यांत मिळतो. मग हस्तलिखित सातबारा बघा. स्कॅन झालेला असेल तर 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून. कमी झालेलं नाव कंसात आणि शेजारी वर्तुळात फेरफार नंबर, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा क्रमांक दिसेल. तोच धागा. वारस फेरफारात 'अमुक बिन तमुक मयत', पुढे वारसांची नावं, नातं, बरेचदा वयंही असतात. 'बिन' म्हणजे मुलगा, 'कोम' म्हणजे बायको. आडनाव नसेल तर बापाच्या नावावरूनच माणूस ओळखायचा.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. फेरफाराची तारीख ही नोंदीची, मृत्यूची नव्हे; वारस लावायला कित्येकदा वर्षानुवर्षं उशीर झालेला असतो. आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे बहुतेकदा थोरला भाऊ. तुमचे पणजोबा धाकटे असतील तर उताऱ्यावर त्यांचं नावच नसायचं! अशा वेळी थोरल्याच्या नावाने शोधून पुढे वाटणीचा फेरफार गाठा. 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता. त्यावरून आजोबांच्या जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

मृत्यूची तारीख हवी तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. तेही तहसीललाच मागा. अर्जात गाव आणि पाच-सात वर्षांचा टप्पा लिहा, नुसतं नाव दिलंत तर कारकून काय शोधणार? जन्मनोंदीत बाळाला नाव नसतं. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, म्हणून तिथेही बापाच्या नावाने बघा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या, तर आधी नक्कल घ्या आणि मग मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरी करून घ्या.