नाव बदललं, तरी गाव ओळखतंच

प्रश्न : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. लेखात सगळ्यांची नावं बदलली आहेत. एवढं पुरे ना? (पीएच.डी. विद्यार्थिनी, महाल)

नाही. ‘कुही तालुक्यातलं अमुक गाव, वय १९, नर्सिंगला शिकते, थोरला भाऊ याच आजारानं गेला’ एवढं छापलंत की ती कोण, हे अख्खं गाव सांगेल. तिचं लग्न जुळायचं असेल, तर या ओळी तिला किती महागात पडतील! गावाऐवजी ‘पूर्व विदर्भातलं खेडं’ लिहा, वयाऐवजी वयोगट द्या, निष्कर्षाला न लागणारा तपशील गाळा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण अटींवर : त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांतले निकष पाळायचे. शिवाय बोलायला ‘हो’ म्हणणं वेगळं, छापायला ‘हो’ म्हणणं वेगळं. संमतीपत्रात दोन्ही स्वतंत्र विचारा, तेही त्यांच्या बोलीत समजावून. अठराच्या आतलं कुणी असेल, तर पालकांची संमती घ्याच.

प्रश्न : आमच्या संशोधनपत्रिकेत लेखकाचा पत्ता, मोबाइल छापायची जुनी पद्धत आहे. परीक्षकांची यादी कार्यालयातल्या संगणकात असते. (संपादक, धरमपेठ)

मोबाइल आणि घरचा पत्ता पुढच्या अंकापासून बंद करा. ई-मेल पुरतो, तोही लेखकाला विचारून.

मला खरी काळजी त्या यादीची वाटते. कुणी कुणाचा लेख नाकारला, हे त्यात असतं; ते फुटलं तर एकाच विभागातली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. फाइलला पासवर्ड लावा, पेनड्राइव्हवर फिरवू नका, काम सोडून गेलेल्यांचा प्रवेश काढा. माहितीच्या सुरक्षेत कुचराई झाली, तर २०२३ च्या त्याच कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य पाहतात, हे खरं. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली, म्हणून थांबू मात्र नका.

प्रश्न : लेख छापून तीन वर्षं झाली. आता एक ताई म्हणतात, माझं बोलणं काढा. (प्राध्यापक, काटोल)

संमती मागे घेता येते. आधी झालेलं काम त्यामुळे बेकायदा ठरत नाही. छापील अंक परत येणार नाहीत. पण संकेतस्थळावरच्या पीडीएफमधून तो उतारा काढा, तिथे दुरुस्तीची टीप द्या, त्यांचं ध्वनिमुद्रण पुसा आणि काय केलं ते ताईंना फोन करून सांगा. तोच मजकूर प्रबंधात असेल, तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरची प्रत तपासा; ती हमखास राहून जाते.